अर्नेस्ट ओमार वोलन

अर्नेस्ट ओमार वोलन (६ नोव्हेंबर १९०२ – ११ मार्च १९८४) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. न्यूट्रॉन विवर्तन ही प्रायोगिक पद्धत उभी करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांची गणना होते. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील ओक रिज येथील अणुभट्टीवर त्यांनी १९४४ साली ही पद्धत वापरण्यास प्रारंभ केला आणि पुढे क्लिफर्ड शल यांच्याबरोबर तिला शिस्तबद्ध शास्त्राचे रूप दिले. अतिनीच तापमानाला विरल मृत्तिका धातूंच्या स्फटिकांमध्ये अणूंची चुंबकीय परिबले कशा क्रमाने मांडलेली असतात, हे उलगडणाऱ्या गटाचे ते संस्थापक होत. प्रारणाशी संबंधित काम करणाऱ्यांच्या अंगावर लावल्या जाणाऱ्या फिल्म बॅजच्या विकासातही त्यांचा मोठा वाटा आहे. न्यूट्रॉन विवर्तनासाठी शल यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वोलन त्याआधी दहा वर्षे निवर्तले होते.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

वोलन यांचा जन्म अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ग्लेनवूड या लहान गावी झाला. त्याच राज्यातील मूरहेड येथील कॉन्कॉर्डिया महाविद्यालयातून ते १९२३ साली पदवीधर झाले. पुढील शिक्षणासाठी ते शिकागो विद्यापीठात गेले आणि आर्थर कॉम्प्टन यांच्या मार्गदर्शनाखाली १९२९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. कॉम्प्टन यांना १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळालेले असल्यामुळे शिकागोची ती प्रयोगशाळा त्या वेळी क्ष-किरण संशोधनाचे एक प्रमुख केंद्र होती.

वोलन यांच्या प्रबंधाचा विषय वायूंकडून होणारे क्ष-किरणांचे प्रकीर्णन हा होता. क्ष-किरण अणूतील इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. त्यामुळे निरनिराळ्या कोनांतून विखुरलेल्या किरणांची तीव्रता मोजली, तर अणूतील इलेक्ट्रॉन केंद्रापासून किती दूरवर पसरलेले आहेत याचा अंदाज बांधता येतो. तीव्रता काटेकोरपणे मोजून तिच्यावरून पदार्थाची आतील रचना ठरवणे, हीच कार्यपद्धती वोलन यांनी पुढे न्यूट्रॉनांच्या बाबतीतही अवलंबिली. या प्रबंधासाठी वापरलेला वर्णपटमापक पुढे वेगळ्याच कामी आला. त्याचा उल्लेख पुढे येईल.

१९३० च्या दशकात ते विश्वकिरणांच्या अभ्यासाकडे वळले. कॉम्प्टन व बेनेट यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांची तीव्रता अखंडपणे नोंदवणारे एक अचूक उपकरण सिद्ध केले. त्याचे वर्णन १९३४ साली प्रसिद्ध झाले, आणि या धर्तीची उपकरणे पुढे जगातील निरनिराळ्या केंद्रांवर बसवण्यात आली.

पहिली अणुभट्टी आणि फिल्म बॅज

दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पासाठी शिकागो येथे धातुशास्त्रीय प्रयोगशाळा या नावाने एक गुप्त संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख कॉम्प्टन होते आणि वोलन तिच्या आरंभीच्या सदस्यांपैकी एक होते. काम करणाऱ्यांना प्रारणापासून वाचवण्यासाठी काय करावे, हा प्रश्न येथे पहिल्याच दिवसापासून उभा होता. तोपर्यंत जगात रेडियमचा एकूण साठा ग्रॅममध्ये मोजावा इतकाच होता. अणुभट्टीत त्याच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग निर्माण होणार होता. विश्वकिरणांच्या मापनाचा अनुभव असलेल्या वोलन यांच्याकडे या मोजणीचे काम आले. ज्या छोट्या गटातून आरोग्य भौतिकी ही शाखा निर्माण झाली, त्या गटाच्या पहिल्या सदस्यांत ते होते.

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या प्रेक्षागृहाखाली एन्रिको फर्मी यांनी जगातील पहिली नियंत्रित शृंखला प्रक्रिया घडवून आणली. त्या वेळी तेथे हजर असलेल्या सुमारे पन्नास जणांमध्ये वोलनही होते.

याच काळात त्यांनी फिल्म बॅजची रचना केली. छायाचित्रणाच्या फिल्मचा एक लहान तुकडा धातूच्या डबीत ठेवून ती डबी कपड्यावर लावायची आणि ठराविक काळानंतर फिल्म धुऊन तिचा काळेपणा मोजायचा, अशी ही साधी कल्पना. अडचण अशी होती की, कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांनी फिल्म प्रमाणाबाहेर काळी पडते. त्यामुळे केवळ काळेपणावरून खरी मात्रा कळत नाही. वोलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिल्मचा काही भाग कॅडमियमच्या पत्र्याने झाकला आणि काही भाग उघडा ठेवला. झाकलेल्या भागावरून भेदक गॅमा किरणांची मात्रा बऱ्याच अंशी खरी मिळू लागली आणि दोन भागांमधील फरकावरून बीटा किरणांसारख्या कमी भेदक प्रारणाचा माग लागू लागला. या बॅजचे सुधारित प्रकार पुढे अनेक दशके जगभरच्या अणुऊर्जा केंद्रांत आणि रुग्णालयांच्या क्ष-किरण विभागांत वापरात राहिले.

ओक रिज आणि न्यूट्रॉन विवर्तनाचा प्रारंभ

शिकागोच्या यशानंतर टेनेसी राज्यातील ओक रिज येथे ग्रॅफाइटची मोठी अणुभट्टी बांधण्यात आली. ४ नोव्हेंबर १९४३ रोजी ती कार्यान्वित झाली. प्लुटोनियम कसे तयार करावे याचा सराव करणे, हा तिचा मुख्य हेतू होता. वोलन युद्धकाळातच येथे आले.

न्यूट्रॉनाचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली लावला होता. पुंज यामिकीनुसार न्यूट्रॉनालाही तरंगाचे गुणधर्म असावे लागतात आणि स्फटिकातील अणूंच्या थरांवरून त्याचे विवर्तन व्हावे लागते. १९३६ साली हालबान व प्राइसवर्क यांनी, तसेच मिचेल व पॉवर्स यांनी असे विवर्तन होते हे दाखवूनही दिले होते. मात्र त्यांच्याजवळ रेडियम व बेरिलियम यांच्या मिश्रणाचे क्षीण उगमस्थान होते. त्यातून मिळणारे न्यूट्रॉन इतके थोडे की, घटना घडते एवढेच सिद्ध करता येत असे. मोजमाप करता येत नसे. अणुभट्टीमुळे परिस्थिती पालटली. ग्रॅफाइटमध्ये आदळत आदळत न्यूट्रॉन मंद होतात, आणि साधारण खोलीच्या तापमानाशी समतोल साधल्यावर त्यांची तरंगलांबी एक ते दोन अँगस्ट्रॉम होते. स्फटिकातील अणूंमधील अंतरही जवळजवळ एवढेच असते.

मे १९४४ मध्ये वोलन यांनी संशोधन संचालक रिचर्ड डोन यांच्याकडे अणुभट्टीतून न्यूट्रॉनांची शलाका बाहेर काढून स्फटिकांवरील विवर्तनाचा अभ्यास करण्याची लेखी परवानगी मागितली. युद्ध ऐन भरात असताना ज्याचा शस्त्राशी प्रत्यक्ष संबंध नाही अशा कामासाठी ही मागणी होती. ती मान्य झाली. नव्या उपकरणासाठी वाट पाहण्याऐवजी वोलन यांनी शिकागोतील आपला जुना क्ष-किरण वर्णपटमापक आणवून त्याला न्यूट्रॉनांसाठी योग्य असे रूप दिले. डिसेंबर १९४४ मध्ये त्यांनी व लाइल बोर्स्ट यांनी सैंधवाच्या व जिप्समच्या स्फटिकांवरून परावर्तित न्यूट्रॉनांची पहिली मोजमापे केली. त्याच वर्षी शिकागोजवळील अर्गॉन येथील अणुभट्टीवर वॉल्टर झिन यांनीही स्वतंत्रपणे असेच प्रयोग केले. युद्धकालीन गुप्ततेमुळे दोन्हीकडचे काम बाहेर यायला विलंब लागला. त्यामुळे पहिले कोण, हा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. मात्र या कामाला पदार्थांच्या अभ्यासाची नियमित पद्धत बनवण्याचा चिकाटीचा उद्योग ओक रिजला झाला.

१९४६ च्या आरंभी वोलन यांनी रोनाल्ड सॉयर यांच्यासमवेत चूर्णरूप पदार्थांचे आलेख घेतले. चूर्णात स्फटिककण सर्व दिशांना वळलेले असल्याने एकाच नमुन्यातून सर्व परावर्तने मिळतात, आणि मोठा एकसंध स्फटिक वाढवण्याचा प्रश्न उरत नाही. सॉयर लवकरच अन्यत्र गेले. जून १९४६ मध्ये त्यांच्या जागी क्लिफर्ड शल हे तरुण भौतिकशास्त्रज्ञ तेल उद्योगातील प्रयोगशाळा सोडून आले.

शल यांच्याबरोबरचे संशोधन

पुढील नऊ वर्षे ही जोडी एकत्र काम करीत राहिली. सुरुवातीचे आलेख गोंधळात टाकणारे होते. परावर्तनाच्या शिखरांखाली अपेक्षेपेक्षा खूप मोठी पार्श्वभूमी दिसत होती आणि तिचे कारण कळत नव्हते. वोलन व शल यांनी हिऱ्याच्या चूर्णासारख्या साध्या नमुन्यांपासून आरंभ करून या पार्श्वभूमीचा एकेक घटक वेगळा काढला. समस्थानिकांमुळे होणारे विखुरणे, अणुकेंद्राच्या स्पिनमुळे होणारे विखुरणे, उष्णतेमुळे होणारी अणूंची हालचाल आणि नमुन्याच्या आत एकाहून अधिक वेळा होणारे विखुरणे हे ते घटक होत. त्यानंतर त्यांनी अनेक मूलद्रव्यांची न्यूट्रॉन विखुरण्याची क्षमता मोजून तक्ते प्रसिद्ध केले. हे काम कंटाळवाणे वाटण्याजोगे असले, तरी या तक्त्यांवाचून पुढची कोणतीही रचना ठरवता आली नसती.

न्यूट्रॉन अणुकेंद्रावरून विखुरतो. त्यामुळे क्ष-किरणांना जवळजवळ न दिसणारा हायड्रोजन त्याला दिसतो. १९४८ साली सोडियम हायड्राइडमधील हायड्रोजनची जागा निश्चित करण्यात आली. १९४९ साली वोलन, डेव्हिडसन व शल यांनी जड पाण्याच्या बर्फाची रचना तपासली. बर्फात दोन ऑक्सिजन अणूंमधील हायड्रोजन हा दोन संभाव्य जागांपैकी कोणत्याही एका जागी असतो, आणि सरासरीने प्रत्येक जागी अर्धा अणू दिसतो, असे प्रतिमान लायनस पॉलिंग यांनी १९३५ साली मांडले होते. या प्रयोगाने त्याला पुष्टी मिळाली.

न्यूट्रॉनाला विद्युत भार नसला तरी स्वतःचे चुंबकीय परिबल असते. म्हणून अणुकेंद्राबरोबरच अणूतील जोडीविना राहिलेल्या इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वावरूनही तो विखुरतो. हे भाकीत फेलिक्स ब्लॉख यांनी १९३६ साली केले होते, आणि हाल्पर्न व जॉन्सन यांनी १९३९ साली त्याचा सविस्तर सिद्धांत मांडला होता. १९४९ साली शल व सॅम्युअल स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडचा आलेख खोलीच्या तापमानाला व ८० केल्व्हिनला घेतला. थंड नमुन्याच्या आलेखात जादा शिखरे उमटली. शेजारशेजारच्या थरांतील परिबले एकमेकांविरुद्ध दिशांना वळलेली असतील, तरच ती शिखरे येऊ शकत होती. लुई नेल यांनी तर्काने मांडलेल्या प्रतिलोहचुंबकत्वाचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा ठरला. १९५१ साली वोलन, शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर दोन विस्तृत शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यांत मॅग्नेटाइटमध्ये दोन असमान विरुद्ध गट असतात, म्हणजेच नेल यांचे फेरीचुंबकत्व असते, हेही दाखवले होते. नेल यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९५५ मध्ये शल मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून गेले. वोलन ओक रिजलाच राहिले.

विरल मृत्तिका धातूंमधील चुंबकीय क्रम

विज्ञानाच्या लोकप्रिय इतिहासांत वोलन यांची कथा बहुधा शल यांच्या जाण्यापाशी संपते. प्रत्यक्षात त्यानंतरचे त्यांचे काम तितकेच मौलिक आहे. या कामात वॉलेस कोहलर, मायकेल विल्किन्सन, जो केबल आणि चाइल्ड हे त्यांचे सहकारी होते. शोधनिबंधांवर बहुधा तीन-चार नावे एकत्र असतात आणि कोणाचे नाव प्रथम येईल हे बदलत राहते, त्यामुळे एकट्या वोलन यांचा वाटा वेगळा काढणे योग्य नाही.

विरल मृत्तिका मूलद्रव्ये, म्हणजे वृत्तपत्रांतून रेअर अर्थ या नावाने परिचित झालेली मूलद्रव्ये, रासायनिकदृष्ट्या एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की ती वेगळी करणे दीर्घकाळ जवळजवळ अशक्य होते. युद्धकाळात व त्यानंतर आयोवा राज्यातील एम्स येथे फ्रँक स्पेडिंग यांच्या प्रयोगशाळेने आयन विनिमयाची पद्धत वापरून ती वेगळी केली आणि शुद्ध धातू मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून दिले. त्यामुळे या धातूंच्या चुंबकत्वाचा अभ्यास शक्य झाला. एम्समधील मापनांवरून असे दिसत होते की, थंड करत गेल्यास यांतील काही धातू एकदा नव्हे, तर दोन-तीन वेळा आपली चुंबकीय अवस्था बदलतात. पण एकूण चुंबकत्व मोजून आतील मांडणी कळत नाही. उद्या परिबले एकमेकांना रद्द करत असतील, तर बाहेरून शून्यच मिळणार. ती नेमकी कशी रद्द करतात, हे सांगण्यासाठी न्यूट्रॉनांचीच गरज होती.

या धातूंचे चुंबकत्व अणूच्या आत खोल दडलेल्या ४एफ इलेक्ट्रॉनांमुळे येते. ते इतके आत असतात की शेजारच्या अणूंतील ४एफ इलेक्ट्रॉनांशी त्यांचा थेट संपर्क जवळजवळ येत नाही. म्हणून लोखंडापेक्षा ही परिबले आकाराने मोठी असूनही (लोखंडाचे अणुगणिक सुमारे २.२ बोर मॅग्नेटॉन, तर होल्मियमचे सुमारे १०) त्यांना एकमेकांची वार्ता धातूतील मुक्त फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमार्फत मिळते. ही वार्ता अंतराबरोबर केवळ क्षीण होत नाही. तिचे चिन्हही बदलत जाते: एका थराला समांतर वळण्याचा, तर पुढच्या एखाद्या थराला विरुद्ध वळण्याचा आग्रह मिळतो. अशा परस्परविरोधी आग्रहांतून कोणती मांडणी निघेल हे आधीच सांगणे कठीण होते.

प्रयोगातही अडथळे होते. यांतील काही मूलद्रव्ये न्यूट्रॉन गिळून टाकतात. हे शोषण बार्न या एककात मोजतात. लोखंडाचा हा आकडा तीनपेक्षा कमी आहे. नैसर्गिक गॅडोलिनियमचा मात्र जवळजवळ ४९,०००, तर समेरियम व युरोपियम यांचे आकडे काही हजार आहेत. त्यामानाने टर्बियम, होल्मियम, थुलियम व अर्बियम सोसण्याजोगे आहेत आणि डिस्प्रोशियम सीमेवर येते. वोलन व कोहलर यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी विरल मृत्तिका ऑक्साइडांवरून ही विखुरण व शोषण यांची आकडेवारी गोळा केली. समचुंबकीय अवस्थेतील ऑक्साइडांकडून होणाऱ्या विखुरणाचा अभ्यास त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. कोन वाढवत गेल्यावर ही तीव्रता लोखंड गटाच्या मानाने हळू उतरते, म्हणजे ४एफ इलेक्ट्रॉन खरोखरच आकसून बसलेले आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. १९५५ साली धातुरूप अर्बियमवरील पहिले निष्कर्ष आले. चूर्णावरून या गुंतागुंतीच्या रचना पूर्णपणे सोडवता येत नाहीत. त्यामुळे एकसंध स्फटिक हाती आल्यावर, म्हणजे १९६० च्या आसपास, या कामाला खरा वेग आला.

पद्धत अशी. धातूचा लहान स्फटिक द्रवरूप नायट्रोजन किंवा हीलियम यांनी थंड केलेल्या शीतपात्रात बसवतात. द्रव हीलियमच्या साहाय्याने ४.२ केल्व्हिनपर्यंत जाता येते. पात्राच्या भिंती बहुधा अॅल्युमिनियमच्या असतात, कारण न्यूट्रॉन त्यांतून सहज पार होतात. मग स्फटिक व गणित्र फिरवून निरनिराळ्या दिशांची तीव्रता मोजतात आणि तापमान बदलून तेच पुन्हा करतात. चुंबकीय मांडणीची आवृत्ती स्फटिकाच्या आवृत्तीशी जुळत नसेल, तर नेहमीच्या शिखराच्या दोन्ही बाजूंना छोटी उपशिखरे उमटतात. मुख्य शिखरापासून त्यांचे अंतर किती, यावरून मांडणीची लांबी कळते. आणखी एक सोय आहे. ज्या दिशेने मोजणी होते, त्या दिशेला लंब असलेला परिबलाचा घटकच न्यूट्रॉनाला दिसतो. या सर्व धातूंचे स्फटिक षट्कोनी असून अणूंचे थर मुख्य अक्षावर एकावर एक रचलेले असतात. परिबले अक्षाच्या दिशेने असतील, तर अक्षाच्या रेषेवरील उपशिखरे नाहीशी होतात. थराच्या पातळीत असतील, तर ती ठळक दिसतात. कोणते शिखर आहे याइतकेच कोणते नाही हेही येथे पुरावा ठरते.

या मार्गाने मिळालेली चित्रे अपूर्व होती. डिस्प्रोशियममध्ये सुमारे १७९ ते ८५ केल्व्हिन या टप्प्यात प्रत्येक थरातील परिबले एकमेकांना समांतर असतात, पण पुढच्या थरात त्यांची दिशा थोडी वळलेली असते. त्यामुळे थरामागून थर जाताना मळसूत्रासारखी मांडणी तयार होते. वळणाचा कोन सुरुवातीला सुमारे ४३ अंश असतो आणि तापमान उतरेल तसा कमी होत सुमारे २६ अंशांपर्यंत येतो. त्याखाली मळसूत्र एकाएकी उलगडते आणि धातू साध्या लोहचुंबकासारखा होतो. टर्बियममध्येही हेच घडते, पण मळसूत्राची अवस्था जेमतेम दहा अंशांच्या पट्टीत टिकते. अशा मळसूत्री मांडणीची सैद्धांतिक शक्यता योशिमोरी, व्हिलां आणि कॅप्लान यांनी १९५९ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडली होती. विरल मृत्तिका धातूंमध्ये ती मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्ष आढळली.

होल्मियममध्ये मळसूत्र सुमारे १३२ केल्व्हिनला सुरू होते आणि बरेच खालपर्यंत टिकते. पण खाली जाताना स्फटिकाच्या षट्कोनी रचनेचा प्रभाव वाढतो. परिबले समान अंतराने वळण्याऐवजी सहा सोयीच्या दिशांभोवती जोडीजोडीने गोळा होऊ लागतात. सुमारे २० केल्व्हिनच्या खाली ती अक्षाकडे किंचित कलतात, आणि टोकांनी जणू एक शंकू रेखाटला जातो. अर्बियममध्ये पहिली अवस्था याहून वेगळी निघाली. सुमारे ८५ केल्व्हिनला परिबले अक्षाच्या दिशेने रांगेत येतात, पण त्यांचा आकार थरागणिक लाटेसारखा कमीजास्त होतो आणि काही थरांत तर जवळजवळ शून्य होतो. सुमारे ५३ केल्व्हिनला थराच्या पातळीतील घटकही क्रमात येतात आणि सुमारे २० केल्व्हिनखाली येथेही शंकू तयार होतो.

थुलियमचे उत्तर सर्वांत नेमके आहे. १९६२ साली कोहलर, केबल, वोलन व विल्किन्सन यांनी ते प्रसिद्ध केले. सुमारे ५६ केल्व्हिनखाली येथेही अर्बियमसारखी लाट दिसते. पण तापमान आणखी उतरवल्यावर लाटेची गोलाई जाऊन ती चौकोनी बनते: चार थर एका दिशेला, तीन थर विरुद्ध दिशेला, आणि पुन्हा तेच. थुलियमच्या प्रत्येक अणूचे परिबल सात बोर मॅग्नेटॉन आहे. सात थरांमागे चारातून तीन वजा जाऊन एक थर शिल्लक राहतो. म्हणजे सरासरीने अणुगणिक एकच मॅग्नेटॉन उरायला हवे, आणि चुंबकत्वाच्या साध्या मापनांतही जवळपास तेवढेच मिळत होते. एम्समध्ये गूढ वाटलेला आकडा असा सुटला.

वोलन व सहकाऱ्यांनी यानंतर या धातूंमध्ये स्वतःचे चुंबकत्व नसलेले यिट्रियम किंवा ल्युटेशियम मिसळून संमिश्रे तपासली. निम्म्याहून अधिक अणू चुंबकत्वहीन असतानाही मळसूत्री क्रम टिकून राहतो असे दिसले. परिबलांमधील संपर्क दूरवर पोहोचतो आणि तो मुक्त इलेक्ट्रॉनांमार्फतच होतो, या समजुतीला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. सर्वाधिक शोषण करणारे गॅडोलिनियमही सुटले नाही. केबल व वोलन यांनी १९६८ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. या धातूत मळसूत्र नसले तरी परिबलांची दिशा तापमानाबरोबर बदलते. वरच्या तापमानांना ती अक्षाला समांतर असते, सुमारे २३२ केल्व्हिनखाली ती दूर सरू लागते, १८० केल्व्हिनच्या आसपास तिचा कल सुमारे ६५ अंशांपर्यंत जातो आणि मग ती पुन्हा काही प्रमाणात मागे फिरते.

पेरोव्हस्काइट संयुगे आणि अक्षरांचे वर्गीकरण

वोलन व कोहलर यांचा सर्वाधिक उद्धृत होणारा निबंध मात्र धातूंवरचा नाही. १९५५ साली त्यांनी लँथेनम, कॅल्शियम व मँगनीज यांच्या ऑक्साइडांची एक मालिका प्रसिद्ध केली. लँथेनमच्या जागी कॅल्शियमचे प्रमाण वाढवत नेल्यावर मँगनीजच्या परिबलांची मांडणी पुनःपुन्हा बदलते असे त्यांना आढळले. या मांडण्यांना त्यांनी ए, बी, सी अशी अक्षरे दिली. ए प्रकारात समांतर परिबलांचे थर एकाआड एक विरुद्ध असतात. बी म्हणजे साधे लोहचुंबकत्व. सी प्रकारात समांतर परिबलांच्या साखळ्या असून शेजारच्या साखळ्या विरुद्ध असतात. जी प्रकारात प्रत्येक परिबलाचे सहाही शेजारी त्याच्या विरुद्ध असतात. शुद्ध लँथेनम मँगनाइट ए प्रकारचे, शुद्ध कॅल्शियम मँगनाइट जी प्रकारचे निघाले. दोन्ही धातू निम्मे-निम्मे असताना सी व ई यांचे मिश्रण आढळले. त्याच वर्षी जॉन गुडइनफ यांनी रासायनिक बंधांच्या आधारे या क्रमाचे स्पष्टीकरण दिले.

पुढे या गटाने विरल मृत्तिका व लोह यांच्या पेरोव्हस्काइटांचाही अभ्यास केला. त्यांत लोखंडाची परिबले खोलीच्या तापमानाच्या कितीतरी वर क्रमात येतात, तर होल्मियम किंवा अर्बियमची परिबले थेट काही केल्व्हिनपर्यंत उतरल्यावर. एकाच स्फटिकात दोन चुंबकीय व्यवस्था नांदत असल्याचे हे ठळक उदाहरण होते.

१९५५ चा निबंध बराच काळ तज्ज्ञांपुरता राहिला. १९९० च्या दशकात मँगनाइटांमध्ये चुंबकीय क्षेत्राने विद्युत रोध प्रचंड प्रमाणात बदलतो असे दिसून आले, तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळा या संयुगांकडे वळल्या आणि वोलन-कोहलर यांची अक्षरे रोजच्या वापराची झाली. भारतात मुंबईतील तुर्भे येथे १९५६ साली अप्सरा अणुभट्टी सुरू झाल्यानंतर न्यूट्रॉन प्रकीर्णनाच्या संशोधनाची परंपरा निर्माण झाली. तिचे एक प्रवर्तक पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार यांनी कॅनडात बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम केले होते. तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीवर पुढे मँगनाइटांचेही न्यूट्रॉन विवर्तनाने अध्ययन झाले असून त्यांच्या मांडण्यांचे वर्णन याच अक्षरांनी केले जाते.

नोबेल पारितोषिक आणि श्रेयाचा प्रश्न

१९९४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक क्लिफर्ड शल व बर्ट्राम ब्रॉकहाउस यांना विभागून देण्यात आले. शल यांना ते न्यूट्रॉन विवर्तनाच्या पद्धतीसाठी, तर ब्रॉकहाउस यांना न्यूट्रॉन वर्णपटशास्त्रासाठी मिळाले. मूळ प्रयोगांना तोवर चार दशके उलटून गेली होती आणि शल ७९ वर्षांचे होते. नोबेल पारितोषिक मरणोत्तर दिले जात नाही. वोलन ११ मार्च १९८४ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी वारले होते. ज्याने १९४४ साली परवानगी मागितली, उपकरण आणले आणि शल येण्यापूर्वी पहिले आलेख घेतले, त्याचे नाव त्यामुळे पारितोषिकाच्या यादीत नाही. वोलन हयात असते तर तेही या सन्मानाचे वाटेकरी झाले असते अशी भावना शल यांनी स्वतः व्यक्त केली आणि ते राहून गेल्याबद्दल खेद नोंदवला.

श्रेय न मिळण्याला पारितोषिकाचा नियम हे एकच कारण नाही. वोलन यांचे आरंभीचे काम गुप्ततेच्या पडद्याआड झाले आणि विरल मृत्तिका धातूंवरचे काम अनेकांच्या नावांत विखुरले गेले. विश्वकोशांतून व पाठ्यपुस्तकांतून प्रतिलोहचुंबकत्वाच्या पुराव्यासाठी मँगनीज ऑक्साइडचाच आलेख दिला जातो आणि त्या विशिष्ट निबंधावर वोलन यांचे नाव नाही. ओक रिजची ग्रॅफाइट अणुभट्टी १९६३ मध्ये बंद करण्यात आली. पुढे ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जतन करण्यात आली आहे.